गोवा प्रोफेशनल लीग: चार वाजताचा सामना बघणार कोण?

म्हापसा_बाजार

माझं म्हापशात वह्या-पेनांचं छोटं दुकान आहे. दुपारी एक वाजता शटर ओढायचं, घरी जेवून थोडं पडायचं आणि चारला परत उघडायचं, ही आमच्याकडची रीत. धुळेर स्टेडियम दुकानापासून स्कूटरवर फार तर सात मिनिटं. लहानपणापासून फुटबॉलचं वेड. तरी गेल्या अख्ख्या हंगामात प्रोफेशनल लीगचे, म्हणजे राज्यातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगचे, चारच सामने बघायला मिळाले, कारण सामना सुरू होतो चारच्या सुमाराला. तिकडे रेफरी शिट्टी वाजवतो तेव्हा इकडे सगळं म्हापसा शटर वर करत असतं. शुक्रवारी तर बाजाराचा दिवस, त्या दिवशी हलताही येत नाही.

चौथ्या सामन्याला मध्यंतरात मी गॅलरीतली माणसं मोजली. दोन्ही संघांच्या पोरांचे आईबाप धरून त्रेसष्ट. त्याच्या दोन आठवडे आधी इथून जवळच्याच एका गावात आंतरग्राम स्पर्धेचा सामना पाहिला होता. भाताचं शेत कापून केलेलं मैदान, कडेला चुन्याची रेघ. माणसं कुंपणाच्या भिंतीवर, टेम्पोच्या टपावर, आंब्याच्या फांदीवर. रस ऑम्लेटच्या गाड्यावर पाव संपले म्हणून पोरगा सायकल घेऊन गावात पळाला. खेळणाऱ्यांतले निम्मे तेच, जे पंधरा दिवसांनी धुळेरला त्रेसष्ट माणसांसमोर खेळले.

म्हणजे गोव्यात फुटबॉलचं वेड कमी झालेलं नाही. ते लीगच्या मैदानापर्यंत पोहोचत नाही, एवढंच.

ज्यांना हा इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांत देशाचं विजेतेपद आठ वेळा गोव्यात आलं. धेंपो पाच वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. मध्ये एकदाच, २००५-०६ ला, ते मुंबईच्या महिंद्र युनायटेडनं नेलं. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. त्याच सुमाराला आय-लीगच्या, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगच्या, चौदा संघांत आमचे चार होते.

मग २०१६ आलं. इंडियन सुपर लीग (आयएसएल) वरच्या पायरीवर आणि आय-लीग खाली, खालून वर जायची वाटही नाही, असा आराखडा भारतीय फुटबॉल महासंघानं पुढे ठेवला. साळगावकर आणि स्पोर्टिंगनं निषेध म्हणून आय-लीग सोडली. धेंपोनं तर त्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून परत वर यायचा हक्क मिळवला होता, त्यांनीही पाय मागे घेतला. त्या दिवसापासून या क्लबांसाठी गोवा प्रोफेशनल लीग हाच मुख्य हंगाम झाला. जी स्पर्धा घरच्या अंगणातली होती, तीच घर झाली.

आणि त्या घरात आज त्रेसष्ट माणसं!

माझं म्हणणं साधं आहे. सामने शनिवार-रविवार संध्याकाळी ठेवा. जिथे दिवे आहेत तिथे उशिरा खेळवा. ज्या गावाचा क्लब आहे त्या गावात निदान निम्मे सामने न्या. वेळसाव, कुंकळ्ळी युनियन, कळंगुट असोसिएशन ही नावं नीट वाचा, गावं आहेत ती. उत्तरेतल्या बार्देशातल्या क्लबाचा सामना दक्षिणेतल्या सासष्टीत आणि सासष्टीतल्याचा बार्देशात, तोही मंगळवारी दुपारी, मग माणूस येणार कुठून?

इथे गोव्याबाहेरचेही बरेच फुटबॉलवाले आहेत. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे?

पेठवाला

भाऊ, कोल्हापुरातनं लिहितोय. त्रेसष्ट वाचून खरंच वाईट वाटलं. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की दुपारी दोनलाच पेठेतली निम्मी दुकानं पोराच्या ताब्यात देऊन मालक गॅलरीत. हलगी वाजत असती, शिट्ट्या, झेंडे. आई अंबाबाईच्या दर्शनाला आलेले पावणे विचारतात की आज जत्रा हाय काय.

ह्याचं कारण तुम्ही बरोबर पकडलंय. आमचा क्लब म्हंजे आमची तालीम. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, ह्या सगळ्या तालमी. जिथं आमच्या आज्यानं माती अंगाला लावली, त्याच तालमीच्या नावानं नातू फुटबॉल खेळतो. कंपनी न्हाई, ब्रँड न्हाई. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, आमची केएसए, १९४० ची. वरिष्ठ गटात सोळा संघ आणि जवळजवळ सगळे एका शहरातले. चालत जाऊन सामना बघता येतो.

पण एक सांगतो, गर्दी आली म्हंजे सगळं मिळालं असं समजू नका. आमच्याकडं उलटं दुखणं हाय. एका फाऊलवरनं दोन पेठा भिडल्या की सामना थांबतो, बंदोबस्त वाढतो, आणि मग पुढचे सामने लांबणीवर. पोरं तयारीत बसून ऱ्हातात. मी स्वतः वीस वर्सं गॅलरीत बसतोय, आणि ज्या दिवशी दगड उडतो त्या दिवशी घरी जाऊन जेवण जात न्हाई. खेळणाऱ्या पोरांचा काय दोष?

आणि दुसरं, आमच्या लीगवरनं पुढं जायला शिडीच न्हाई. अनिकेत जाधव आमचा, २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडनं खेळला. पण तो लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला म्हणून. पेठेतच ऱ्हायला असता तर आज शाहू स्टेडियमवर हिरो असता, पण देशाला कळला नसता. तुमच्याकडं निदान लीगच्या वर कायतरी हाय.

वास्कोची_सून

धागा वाचून दाखवला सासऱ्यांना. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, मुरगाव बंदरात नोकरी झाली, आणि आयुष्यभर साळगावकरवाले. वास्कोच्या टिळक मैदानावर त्यांची जागा ठरलेली असायची. मी रत्नागिरीची, क्रिकेटच्या घरातली. लग्न होऊन आले तेव्हा या घरात ऑफसाइड म्हणजे काय ते आधी कळलं आणि माशाचं हुमण करायचं नंतर.

ते म्हणाले, लिही, सगळ्यांना २००४ सांग. म्हणून लिहितेय.

५ डिसेंबर २००४. बंगळूरला फेडरेशन कपची अंतिम लढत, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोकडे क्रिस्तियानो ज्युनियर नावाचा ब्राझीलचा स्ट्रायकर होता, त्याच हंगामात ईस्ट बंगालकडून आलेला. त्यानं दोन गोल केले. दुसरा गोल करताना समोरून आलेल्या गोलकीपरशी टक्कर झाली आणि तो मैदानावरच कोसळला. धेंपो २-० नं जिंकलं. तो गेला.

सासरे साळगावकरवाले, म्हणजे धेंपोचं नाव काढलं की भुवई वर जायची. पण त्या रात्री आमच्या घरी टीव्ही बंद केला गेला आणि कुणी जेवलं नाही, असं सासूबाई सांगतात. दुसऱ्या दिवशी टिळक मैदानाजवळच्या चहावाल्याकडे साळगावकरची, वास्कोची, चर्चिलची माणसं एकत्र बसून होती. नुसती बसून. धेंपोनं दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली.

त्याच हंगामात पुढे धेंपो राष्ट्रीय लीग जिंकलं आणि स्पोर्टिंग दुसरं आलं. पहिले दोन्ही गोव्याचे. आर्मांदो कुलासो प्रशिक्षक होते. सासरे म्हणतात, आयुष्यात धेंपोसाठी टाळ्या वाजवल्या त्या तेवढ्या एका वर्षी.

मला सांगायचंय ते असं, की तेव्हा लोकांना खेळाडू माहीत होते. कुठल्या वाड्यावरचा, कुणाचा मुलगा, हे माहीत असायचं. आता सासरे सकाळी पेपर उलटा उघडून लीगचा निकाल शोधतात, गोल करणाऱ्याचं नाव वाचतात आणि मला विचारतात, हा कुठला गं? मला सांगता येत नाही. त्यांच्या ओळखीच्या कुणालाच सांगता येत नाही.

पेडणेकर

वास्कोची सून ताई, डोळ्यांत पाणी आणलंत.

डावा_बॅक

मी या लीगमध्ये दोन हंगाम खेळलोय, एका गावच्या क्लबाकडून. क्लबाचं नाव घेत नाही, तिथली माणसं मनानं वाईट नाहीत आणि गाव माझंच आहे.

म्हापसा_बाजार दादा, तुमच्या भावनेचा मान ठेवून सांगतो, प्रेक्षक ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट तारीख.

मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला होतो, तीन पाळ्यांत. क्लब महिन्याला जे द्यायचा त्यात पेट्रोल आणि बूट निघायचे, घर चालत नव्हतं. म्हणून नोकरी सोडता येत नव्हती. आता बघा कसं व्हायचं. सामन्याचा निरोप व्हॉट्सअॅपवर यायचा, कधी चार दिवस आधी, कधी आदल्या रात्री बदलायचा. माझी पाळी दुपारची. मग मी सुपरवायझरच्या टेबलासमोर उभा. पहिल्यांदा तो हसून सही करायचा, दुसऱ्यांदा न हसता. पाचव्या वेळी त्यानं अर्ज हातात घेतलाच नाही, म्हणाला, तू आधी ठरव फुटबॉलर आहेस की ऑपरेटर. त्या दिवशी मी पाळीवर गेलो. संघ दहा जणांच्या तयारीनं आणि एका अर्धवट फिट पोराला घेऊन खेळला.

पाऊस, गणेश चतुर्थी, मग ज्यांचे खेळाडू राज्याच्या संघात निवडले गेलेत त्यांचे सामने पुढे, मग मैदान रिकामं नाही. प्रत्येक कारण खरं असतं. पण हंगाम तीन महिने लांबला की क्लबाच्या हातातले पैसे संपतात. माझे शेवटचे दोन महिने आजवर मिळालेले नाहीत. क्लबाचा खजिनदार स्वतः शाळेत शिपाई, त्याच्याशी कुठे भांडू?

मार्च २०२० ला लीग थांबली तेव्हा मी खेळत होतो. पुढे चर्चिल आणि स्पोर्टिंग यांना संयुक्त विजेते जाहीर केलं गेलं. त्यावर माझी तक्रार नाही, त्या दिवसांत दुसरं काय करणार? पण आम्ही खालच्या संघातली पोरं, आमचा हंगाम संपला हे आम्हाला पेपर वाचून कळलं. ड्रेसिंग रूममध्ये माझा एक शिनगार्ड राहिलाय, तो अजून तिथेच असेल.

तेव्हापासून खेळलो नाही. म्हणून म्हणतो, जून महिन्यात सगळ्या तारखा छापून द्या. पाऊस पडला तर राखीव तारीख कोणती तेही त्यातच लिहा. मग बघा, खेळाडू रजा आधी टाकेल, तुमच्यासारखा दुकानदार पोराला गल्ल्यावर बसवायचं आधी ठरवेल, आणि चहावाला गाडा घेऊन येईल.

म्हापसा_बाजार

डावा_बॅक, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. तू म्हणतोस ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी गॅलरीतून बघत होतो, तू मैदानातून. तारखा आधी, मान्य. दोन्ही एकाच दोरीची टोकं आहेत.

कोपरेज_कट्टा

मुंबईहून. तुम्ही सगळे गावाच्या क्लबाबद्दल बोलताय त्यावरून आठवलं.

वर महिंद्र युनायटेडचा उल्लेख आला. मी कॉलेजात असताना कोपरेज मैदानावर त्यांचे सामने बघायचो. लाल जर्सी, समोर मोहन बागान नाहीतर तुमचं धेंपो, पाठीमागे मंत्रालयाकडच्या रस्त्यावरचे हॉर्न. २००५-०६ ला ते देशाचे विजेते झाले. आणि २०१० मध्ये कंपनीनं संघ बंद केला. पैसा नव्हता म्हणून नव्हे, कंपनीची दिशा बदलली म्हणून. एका पत्रकानं संघ संपला. रस्त्यावर कुणी उतरलं नाही, कारण तो संघ कुठल्या वस्तीचा नव्हताच. मी रडलो, पण मी एकटा काय करणार?

मुंबई एफसीही आला आणि गेला. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी, एफसी पुणे सिटी, तिघांचं तेच. पुण्याच्या माझ्या मावसभावाकडे तीन क्लबांच्या तीन जर्सी आहेत आणि आज त्यातली एकही घालून जायला सामना नाही.

म्हणून गोव्यातल्या लोकांना हात जोडून विनंती आहे. वेळसाव, कुंकळ्ळी, कळंगुट हे सांभाळा. कंपनीचा संघ उत्तम खेळतो, पण त्याला सांभाळणारं गाव पाठीशी नसतं.

पेडणेकर

मी शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी पोरांना फुटबॉलचे धडे देतो, म्हणून हे जवळून बघतोय. कोपरेज_कट्टा, तुमचं दुःख कळतं, पण कंपनीच्या संघांना एवढं सहज बाजूला काढू नका. गोव्याचा फुटबॉल खाणमालकांच्या पैशावरच उभा राहिला. साळगावकर, धेंपो, सेझा. खाणीवर किंवा खाणीच्या कचेरीत नोकरी, आणि संध्याकाळी सराव. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलकीपर, देशाचा कर्णधार, याच काळात घडला. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला त्यांचं नाव माहीत नव्हतं. मी गणिताचा तास सोडून त्या दिवशी फक्त त्यांच्याबद्दल बोललो.

लोक म्हणतात २०१२ ला खाणी बंद झाल्या आणि फुटबॉल बसला. मला हे अर्धंच खरं वाटतं. धेंपोनं खाणीचा धंदा २००९ मध्येच विकला होता, आणि तरी २००९-१० आणि २०११-१२ ही दोन्ही विजेतेपदं त्यानंतरचीच. धेंपोच्या रँटी मार्टिन्सनं त्या दुसऱ्या हंगामात बत्तीस गोल केले. म्हणजे मालकाला हौस असली, चांगली माणसं हाताशी असली, तर खाण नसतानाही संघ चालतो. क्लब मागे आले ते वरची वाट बंद होतेय असं दिसल्यावर. ज्या पायरीच्या वर पायरी नाही तिथे कोण पैसा घालणार?

आणि वाट थोडी उघडली तसे धेंपो परत चढलेच की. २०२३-२४ ला आय-लीग दोनमध्ये, म्हणजे आय-लीगच्या खालच्या श्रेणीत, दुसरे आले, पुढच्या हंगामात आय-लीगमध्ये. तेव्हा प्रशिक्षक समीर नाईक, आमचाच माणूस, याच क्लबाचा जुना बचावपटू. त्याच्यासारखे सगळे या लीगमधूनच गेले. महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, मंदार राव देसाई. अगदी अलीकडचा लिस्टन कुलासो, तोही साळगावकरकडून खेळून पुढे गेला.

पेठवाला, तुम्ही शिडीचं म्हणालात. ही लीग म्हणजे आमची शिडी. म्हणून तिच्या पायऱ्या ढिल्या झाल्या की मला झोप लागत नाही. माझ्याकडचा चौदा वर्षांचा एक मुलगा आहे, कोरगावहून बसनं येतो. डाव्या पायानं चेंडू असा अडवतो की जणू हातात घेतला. त्याच्या बापाला मी काय सांगू? पाच वर्षं थांबा, लीग नीट चालेल?

डावा_बॅक

सर, एका मुद्द्यावर तुमच्याशी भांडायचंय. मोठ्या क्लबांच्या राखीव संघांचं काय? २०१८-१९ ला लीग कुणी जिंकली? आयएसएलमधल्या एफसी गोवाच्या डेव्हलपमेंट संघानं. चांगली पोरं होती, त्यांचा सराव बघून आम्हाला हेवा वाटायचा. पण लीगचा विजेता हा दुसऱ्याच कुणाचा धाकटा संघ असेल, आणि त्यातली चांगली पोरं जानेवारीत वरच्या संघात जाणार असतील, तर गावच्या माणसानं कुणासाठी टाळ्या वाजवायच्या?

पेडणेकर

भांड, हक्कानं भांड. पण त्या मुलांनी खेळायचं कुठे? अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला सरावानं शहाणपण येत नाही, तुझ्यासारखा तिशीतला डावा बॅक अंगावर आला की येतं. राखीव संघ बाहेर काढले तर गावच्या क्लबांचा सामन्याचा दर्जाही खाली येईल. तू स्वतः त्यांच्याविरुद्ध खेळून काही शिकलास ना?

डावा_बॅक

शिकलो. खरं सांगायचं तर त्यांच्या उजव्या विंगरनं मला एका सामन्यात तीनदा चकवलं, आणि त्या रात्री मी घरी भावाला समोर उभं करून अंगणात तासभर पावलं टाकायचा सराव केला. ठीक आहे सर. राखीव संघ राहू देत. पण विजेतेपदासाठी मोजू नयेत, एवढं तरी?

पेडणेकर

यावर विचार करायला पाहिजे. वाईट सूचना नाही.

पेठवाला

तुमचं वाचून हिकडं आमच्या कट्ट्यावर चर्चा सुरू झालीय. आमच्याकडं बाहेरचे खेळाडू, आफ्रिकेतलेसुद्धा, हंगामापुरते येतात. गॅलरी त्यांच्यावर जीव टाकती. पण एक म्हातारा कोच परवा म्हणाला, नऊ नंबरवर कायम बाहेरचा असला तर पेठेतल्या पोरानं गोल मारायचा कधी शिकायचा? तुमचा राखीव संघाचा प्रश्न आणि आमचा हा प्रश्न एकाच घरातले भाऊ-भाऊ वाटतात मला.

आणि सर, तो कोरगावचा पोरगा. त्याला एकदा सुट्टीत कोल्हापूरला घिऊन या. माझ्या घरी ऱ्हा दोघं. शाहू स्टेडियमची भरलेली गॅलरी त्याला एकदा बघू दे. चेंडू पायात आला की दहा हजार माणसं कशी श्वास धरतात, ते एकदा कानानं ऐकलं की पोरगं बस चुकवत न्हाई.

वास्कोची_सून

सासरे विचारताहेत, धुळेरला वास्कोहून कसं यायचं. त्यांनी ते मैदान अजून पाहिलेलं नाही. आयुष्यभर टिळक मैदान आणि फातोर्डा. मी म्हटलं पणजीला बस बदलावी लागेल, चढ-उतार होईल, गुडघे दुखतील. तर म्हणाले, त्रेसष्टचे चौसष्ट करू.

म्हापसा_बाजार

ताई, काकांना पणजी बसस्टँडपर्यंत आणा, तिथून माझी जबाबदारी. माझ्या मेव्हण्याची गाडी आहे. डावा_बॅक, तूही ये. दुकान त्या दिवशी बंद ठेवतो.

म्हापसा_बाजार

मंगळवारी सगळे भेटलो. इथल्या बाकीच्यांसाठी लिहितोय.

काका पांढरा शर्ट इस्त्री करून घालून आले होते, खिशात जुना चष्मा आणि पेपरातून कापून ठेवलेली लीगची गुणतालिका. डावा_बॅक गेटपाशी थोडा घुटमळला. मैदान बघून म्हणाला, टर्फ तेच आहे. वाकून त्यानं काळ्या रबराचे चार दाणे उचलले, बोटांत चोळले आणि टाकून दिले. म्हणाला, घरी बूट झटकले की हे दाणे आईला महिनाभर केरात सापडायचे.

संघांची नावं लिहीत नाही, दोन्ही छोटे होते आणि खेळ फार मोठा झाला असं नाही. पहिल्या अर्ध्यात चेंडू जास्त हवेतच. सत्तराव्या मिनिटाच्या पुढे एका बारीक पोरानं डावीकडून आत येऊन लांबून फटका मारला, खांबाला आतून लागून गोल. सगळी गॅलरी उठली. गॅलरी म्हणजे आम्ही सत्तर-ऐंशी माणसं असू, पण उठलो. काका उभे राहायला जरा वेळ लागला, त्यांना डावा_बॅकनं हात दिला.

सामना संपल्यावर काका जाळीपाशी जाऊन उभे राहिले. पोरं पाण्याच्या बाटल्या घेऊन कडेनं चालली होती. त्या बारीक पोराला त्यांनी जाळीतून हाक मारली, बाबा, तू कुठला? तो थांबला. आधी त्याला कळेना कुणाला विचारताहेत. मग म्हणाला, दिवाडीचा. काकांनी विचारलं, कुणाचा? त्यानं वडिलांचं नाव सांगितलं. काका म्हणाले, तुझा आजा फेरीबोटीवर होता ना? पोरानं बाटली खाली ठेवली आणि जाळीच्या जवळ आला.

दोघं दहा मिनिटं बोलत होते. आम्ही गाडीपाशी थांबलो.

परतीच्या वाटेवर काकांनी खिशातलं कात्रण काढलं, माझ्याकडून पेन मागितलं आणि कडेला त्याचं नाव आणि गाव लिहिलं.

पुढचा सामना शनिवारी आहे, अजून तरी. बदलला तर इथेच कळवतो. कोपरेज_कट्टा, तुम्हाला त्या आठवड्यात गोव्यात यायला जमेल का? पेडणेकर सर, त्या कोरगावच्या मुलाला आणाल का? काकांनी त्याचंही नाव विचारलंय.